बेटावरचे शनिवार-रविवार : मॉरिशसमध्ये नव्याने आलेल्या जोडप्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

मॉरिशस हे बेट दक्षिणोत्तर सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. इबेनच्या सायबरसिटीत नोकरी पक्की करून मुंबईहून निघालेल्या जोडप्याला हे आकडे विमानातच पाठ असतात आणि ते फार आनंद देतात. वा, म्हणजे सगळं बघून होणार! चौथ्या महिन्यात तेच आकडे पुन्हा आठवतात. सगळं बघून झालेलं असतं, करार तीन वर्षांचा असतो, आणि वर्षाला बावन्न रविवार येतात ही गोष्ट ऑफर लेटरमध्ये कुठेच लिहिलेली नसते.

पर्यटकाला ही अडचण येत नाही. तो आठवडाभरात समुद्र, धबधबा, रंगीत माती आणि रम उरकून घरी जातो आणि गावभर सांगत सुटतो की स्वर्ग आहे. स्वर्गातच ज्यांचा भाडेकरार आहे, त्यांनी शनिवारी सकाळी काय करायचं हे मात्र कुणीतरी शिकवायला हवं.

साहित्य

एक गाडी. बेटावरच्या पुष्कळ गाड्या आधी जपानमध्ये वापरून झालेल्या असतात आणि तुमची पहिली गाडीही बहुधा तशीच असेल. किल्ली फिरवताच ती जपानीत काहीतरी बोलते. घाबरू नये. पट्टा लावला नाही म्हणून रागावते आहे की सुप्रभात म्हणते आहे, हे थोड्या दिवसांत सुरावरून कळायला लागतं. अशा गाडीतल्या रेडिओची पट्टी बहुतेक वेळा ९० मेगाहर्ट्झलाच संपते, त्यामुळे इथली बरीच स्टेशनं लागत नाहीत आणि जोडप्याला एकमेकांशी बोलावं लागतं. याची सवय ठेवावी.

रबरी तळव्यांचे, पाण्यात घालायचे बूट, प्रत्येकी एक जोड. ही चैन समजू नये. प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं कमरेएवढं निळंशार पाणी वरून दिसतं तितकं निरागस नसतं; तळाशी लांब काट्यांचे काळे अर्चिन बसलेले असतात आणि त्यांचा काटा तळपायात मोडला की पुढचा आठवडा टाचेवर चालावं लागतं.

एक मोठा आइसबॉक्स. एक स्वेटर (हो, स्वेटर, कारण पुढे येईल).

मित्र : किमान तीन जोडपी आणि एक अविवाहित. अविवाहित असावाच, कारण त्याच्या गाडीची मागची सीट रिकामी असते. मित्र इथे निवडायचे नसतात, मिळतात. पुण्यात असता तर ज्यांच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे संबंध आला नसता, त्यांच्याबरोबर इथे दर शनिवारी पोहायला जायचं असतं. चेन्नईचे बँकवाले, सुरतेचे हिऱ्यावाले, इंदूरचे डॉक्टर. मराठी जोडपं मिळालं तर उत्तम, पण तेवढ्या एका निकषावर तीन वर्षं काढायला जाऊ नये. मसालेभातावर एकमत आहे म्हणून किती वाजता निघायचं यावर एकमत होईल असं नाही.

ग्रुपवरची भाषा

गुरुवारी दुपारी ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘शनिवारी काय?’ त्यावर अंगठे येतात. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच. ‘जमलं तर येतो’ म्हणजे येणार नाहीत. ‘आम्ही शंभर टक्के’ म्हणजे शुक्रवारी रात्री त्यांच्या मुलाला सर्दी होणार. खरा होकार एकच, ‘आमच्याकडून काय आणू?’ हे विचारणारे लोक जपून ठेवावेत. बेटावर पाऊस, वारा, पेट्रोल सगळं भरवशाचं असेल-नसेल. ‘मी काकडी-शेंगदाण्याची कोशिंबीर आणते’ म्हणणारी बाई कधी दगा देत नाही.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक नियोजक असतो. त्याच्याकडे तक्ता असतो, त्यात वाऱ्याचा वेग, भरतीची वेळ आणि कोण कुणाच्या गाडीत हे भरलेलं असतं. त्याच्या पाठीमागे सगळे हसतात आणि तो सुट्टीवर भारतात गेला की महिनाभर कुणी घराबाहेर पडत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये नियोजक कोण हे कळत नसेल, तर तो तुम्ही आहात.

गाडी आणि संसार

गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे सुरुवातीला घरच्यासारखं वाटतं. मग राउंडअबाउट येतं. एकामागून एक येतच राहतं. पाट्या इंग्रजीत, गावांची नावं फ्रेंच, रस्ता सांगणारा माणूस क्रिओल बोलणारा आणि मोबाइलमधली बाई त्या नावांचा असा चुराडा करते की कात्र बोर्न मागे पडलं तरी ते तेच होतं हे कळत नाही.

‘तू दुसरा एक्झिट म्हणालीस.’

‘दुसराच होता. तू पहिला मोजलाच नाहीस.’

‘ती कुणाच्या तरी घराची वाट होती!’

‘वाट असली तरी मोजायची.’

हा संवाद प्रत्येक जोडप्याने एकदा करून टाकावा. मागच्या सीटवर मित्र असताना केला तर लवकर मिटतो. उसाच्या शेतांतून जाताना मात्र दोघांनीही गप्प बसावं. तोडणी साधारण जूनमध्ये सुरू होते. त्याआधी ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि चौकात समोरून काय येतंय ते अजिबात दिसत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना हे वेगळं शिकवायला नको.

पहिले तीन महिने : तोंड उघडं ठेवावं

या काळात सगळं बघायचं असतं. लाजू नये. शामारेलची सात रंगांची माती बघावी. ज्वालामुखीचा खडक झिजून लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, त्याच्या या तांबड्या-जांभळ्या लाटा, कुंपणाबाहेरून बघायच्या. सातही रंग मोजायचा प्रयत्न प्रत्येक जण करतो, पाचाच्या पुढे मतभेद सुरू होतात. पाँपलमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळं बघावीत. ‘पाण्याखालचा धबधबा कुठे आहे हो?’ असं ल मोर्नच्या किनाऱ्यावर उभं राहून विचारावं, म्हणजे जुने लोक एकमेकांकडे बघतील. तो धबधबा म्हणजे वाळू आणि गाळ वाहून गेल्यामुळे झालेला नजरेचा खेळ, आणि तो हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. किनाऱ्यावरून पाणी दिसतं.

गंगा तलावावर जाताना तो स्वेटर घ्यावा. तलाव डोंगरमाथ्यावर, खड्ड्यासारख्या जुन्या ज्वालामुखीच्या मुखात आहे, आणि किनाऱ्यावर लोक घामाघूम होत असताना इथे धुकं उतरतं. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून यात मिसळलं, तेव्हापासून हा गंगा तलाव. वाटेवर ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावड घेऊन इथवर चालत येतात. उष्णकटिबंधात चाललोय म्हणून लोकरी कपडे आईकडे ठेवून आलेल्यांना इथे देव आठवतो. जागाही त्याच कामाची आहे. केळी पिशवीत झाकून न्यावीत. माकडांना प्रसाद आणि पर्स यांतला फरक माहीत असतो आणि ती दोन्ही घेतात.

कॅटामरानची सहल हा या तिमाहीचा कळस. पूर्व किनाऱ्यावर ट्रू दो दूसच्या बाजूने इल ओ सेर्फला, नाहीतर पश्चिमेला इल ओ बेनितिएकडे. सकाळी सगळे पुढच्या जाळीवर बसायला धावतात, कारण फोटो तिथे छान येतात. जाळीवर बसणारे दुपारपर्यंत लाल होतात, कारण सूर्य तिथे छान येतो. जाणकार मागच्या छताखाली बसतात आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघून आले-लिंबाची गोळी पुढे करतात. जेवणात जाळावर भाजलेला मासा आणि कोंबडी असते. शाकाहारी आहोत असं सांगून ठेवलं असेल तर पाव आणि कोबीचं सॅलड मिळतं. सांगून ठेवलं नसेल तरी तेच मिळतं. म्हणून आइसबॉक्सच्या तळाशी दशमी-चटणी असावी. ती काढताना ‘आम्ही काही खास आणलं नाही’ असं म्हणावं आणि सुरतवाल्यांचे ठेपले आपल्याआधी संपणार हे मान्य करावं.

रम फुकट असते. तिच्याबद्दल मार्गदर्शनाची गरज कुणालाच पडलेली दिसत नाही. पण पोहता येतं का, हा प्रश्न रमच्या आधी विचारावा, नंतर विचारलं तर सगळ्यांनाच येतं.

ल मोर्नचा डोंगर ५५६ मीटरचा आहे, आणि ‘आम्ही हरिश्चंद्रगड केलाय’ हे वाक्य त्याच्या पायथ्याशी हमखास ऐकू येतं. निम्मी वाट बैलगाडीच्या रस्त्यासारखी जाते. पुढे हातांनी खडक धरून चढायचं असतं आणि पाऊस पडून गेला असेल तर हरिश्चंद्रगडवालेही वाटाड्याचा हात मागतात. वाटाड्या घ्यावाच. तो वर चढता चढता सांगतो की मळ्यांतून पळालेले गुलाम याच कड्यांत लपून राहत. १८३५ साली गुलामी संपली, ती बातमी द्यायला शिपायांची तुकडी आली, आणि धरायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं इथे सांगतात. १ फेब्रुवारीला गुलामी संपल्याची देशभर सुट्टी असते आणि २००८ पासून हा डोंगर जागतिक वारशात आहे. ही गोष्ट ऐकताना सेल्फीची काठी खाली ठेवावी.

अशीच दुसरी जागा पोर्ट लुईला आहे, आणि ती शनिवारी सकाळी बघावी, रविवारी ते शहर निर्मनुष्य असतं. आप्रवासी घाट. बंदरातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ ला करारावरच्या मजुरांची पहिली तुकडी इथे आली आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांचाही करारच होता, बहुधा पाच वर्षांचा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. शनिवार-रविवार कसे घालवावेत याचं मार्गदर्शन त्यांना कुणी दिल्याचं दिसत नाही. तिथून बाहेर आल्यावर बाजारात थंडगार आलूदा प्यावी : दूध, सब्जा, आगर. आपल्या फालुद्याची चुलत बहीण, शेवयांवाचून.

हवामान हा विनोद आहे

बेटाच्या मधोमध क्यूरपीप. तिथे दोन ऋतू आहेत असं इथले लोक सांगतात : एक पावसाचा आणि दुसरा पाऊस पडतो तो. तुमचं घर पठारावर असेल तर खिडकीबाहेर बघून सहल रद्द करू नये. अर्ध्या तासात पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला कोरडं ठणठणीत ऊन असतं. पूर्वेला वारा, दक्षिणेला ग्री ग्रीला तर प्रवाळाचा कडाच नाही, त्यामुळे समुद्र थेट कातळावर आपटतो. तिथे बघायचं, उतरायचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. इशारे १ ते ४ असे चढत जातात. पहिल्या इशाऱ्याला नवे लोक आईला फोन करतात. जुने लोक मेणबत्त्या, पाव आणि सार्डिनचे डबे घ्यायला जातात. तिसऱ्या इशाऱ्याला सगळ्यांनी घरात बसायचं असतं आणि तेव्हा नियोजकानेसुद्धा ग्रुपवर काही टाकू नये.

हिवाळ्याकडे, मे-जूनच्या सुमाराला, प्लेन शाँपान्यच्या रानात चिनी पेरू पिकतात. गोटीएवढे, लालभडक. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं पिशव्या घेऊन झुडपांत शिरलेली दिसतात. यात पोहता येण्याची गरज नाही, बुकिंग नाही, कुणाला उलटी होत नाही. करवंदं तोडलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही, आणि तिखट-मीठ लावून खायचं हेसुद्धा इथल्यांना आधीपासून माहीत आहे. माझ्या मते बेटावरची ही सगळ्यात चांगली सहल. माहितीपत्रकात ती नसते.

रविवार : उच्च अभ्यासक्रम

आता मूळ मुद्दा. चौथ्या महिन्यात यादी संपली की जोडपी घाबरतात. काही स्कूबाचा कोर्स लावतात. काही कुत्रा पाळतात. काही प्रत्येक शनिवारी मॉलमध्ये जाऊन तोच मॉल पुन्हा बघतात. यातलं काहीही करण्याआधी एका रविवारी सकाळी कुठल्याही सार्वजनिक किनाऱ्यावर जावं आणि मॉरिशसच्या माणसांकडे नीट बघावं.

ते सकाळी लवकर येतात. भाड्याच्या मिनीबसमधून आजी, पाच भावंडं, जावा, नातवंडं, बिर्याणीचा डेग, ताडपत्री, खुर्च्या आणि एक दोरी उतरते. दोरी दोन सुरूंच्या मध्ये बांधली जाते. तेच झाड, तीच जागा. त्या कुटुंबाचे आजोबाही तिथेच बसत असणार. आणि मग दिवसभर काहीच होत नाही. पुरुष पाण्यात उभे राहून बोलतात. बायका सावलीत बसून बोलतात. मुलं वाळू खातात. तीनच्या सुमाराला कुणीतरी रावान काढतो, बकरीच्या कातड्याचं ते वाद्य शेकोटीवर धरून ताणून घेतो, आणि मग सेगा. पाय वाळूवरून न उचलता सरकवत नाचायचं. गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेला हा नाच २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण तुम्हाला हात धरून उठवणाऱ्या काकूंना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. उठावं. नाचता येत नाही हे सगळ्यांना दिसतंच, ते वेगळं सांगू नये.

यांचं बघून शिकायचं ते हे : नवी जागा शोधायची नाही. एक झाड धरायचं. पहिल्या रविवारी अस्वस्थ वाटेल. दोन तासांनी नियोजक विचारील, ‘आता पुढे काय?’ त्याला पाण्यात पाठवावं. दुसऱ्यांदा गेलं की शेजारच्या ताडपत्रीवरून ‘की मान्येर?’, म्हणजे कसं काय, असं विचारतात. ‘कोरेक’ म्हणायचं. तिसऱ्यांदा बिर्याणीची ताटली येते. ताटली रिकामी परत करायची नसते एवढं आपल्याला घरी शिकवलेलं असतंच, चकल्या ठेवाव्यात. त्या काय आहेत हे विचारलं जात नाही, फक्त पुढच्या वेळी आणल्या का ते विचारलं जातं.

निघताना स्वतःचा कचरा उचलावा, आणि शेजारच्या पर्यटकाचाही. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळायला लागलं, तेव्हा याच लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचं पाचट भरलं आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. त्यांच्यासमोर वेफर्सचं पाकीट वाळूत पुरणं बरं दिसत नाही.

खाण्याचं थोडक्यात : किनाऱ्यावर जाताना दाल पुरी घ्यावी. मऊ, आत भरडलेल्या डाळीचं सारण, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी, जोडीनेच मिळते. गाडीवाला ‘पिमाँ?’, म्हणजे मिरची घालू का, असं विचारतो. इथे मराठी माणसाचा स्वाभिमान जागा होतो. जागा होऊ देऊ नये.

गणपती

भाद्रपदात एक मोठा शनिवार-रविवार येतो, कारण गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. इथली मराठी मंडळी एकोणिसाव्या शतकातच आलेली. पश्चिमेच्या ऊसपट्ट्यात, कास्कावेलसारख्या गावांत त्यांची घरं आहेत. ओळखीने आमंत्रण येतं. जावंच. जाताना आपण मूळच्या महाराष्ट्रातून आलो म्हणून यांना दोन गोष्टी सांगाव्यात असा विचार मनात येतो. तो गाडीत ठेवून उतरावं. दारातली आजी तुमच्याशी क्रिओलमध्ये बोलेल, तुम्ही तिच्याशी मराठीत, मधे तिची शाळेत मराठी शिकलेली नात. आरती सुरू झाली की लक्षात येतं, आजीला सगळी कडवी येतात आणि आपण तिसऱ्या कडव्याला नुसत्या टाळ्या वाजवतोय. रात्री झाकरीचा फेर धरला जातो. रत्नागिरीकडच्यांना त्यातली पावलं ओळखीची वाटतील, कारण ती जाखडीचीच आहेत. विसर्जनाला सगळी मिरवणूक समुद्राकडे किंवा नदीकडे जाते. तुमच्या चेन्नईच्या आणि सुरतेच्या मित्रांनाही घेऊन जावं. मोदक मोजलेले नसतात.

पाहुणे

इथवर आलात की तुम्ही तयार झालात असं वाटतं, आणि तेवढ्यात आई-बाबा येतात. किंवा सासू-सासरे. किंवा मावशी, तिची मैत्रीण आणि मैत्रिणीचे यजमान. मग सगळं पहिल्यापासून : शामारेल, कमळं, कॅटामरान. ‘तुम्ही इतकी वर्षं इथे राहता आणि दर रविवारी एकाच झाडाखाली बसता?’ असा प्रश्न येईल. उत्तर देऊ नये. दुसऱ्या रविवारी त्यांनाही तिथेच न्यावं. आई ताडपत्रीवर बसल्या बसल्या शेजारच्या काकूंशी बोलायला लागते, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, तरी संध्याकाळपर्यंत आईला त्यांच्या धाकट्या सुनेची सगळी माहिती असते.

बाबांचं वेगळं. ते प्रत्येक पाटीवरचा आकडा वाचतात. इथलंही चलन रुपयाच आहे, पण त्याची किंमत आपल्या रुपयाहून बरीच जास्त, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगू नये. नारळपाणी केवढ्याला, असं विचारलं तर इथल्या रुपयांत सांगावं आणि स्ट्रॉ पुढे करावा. कुठले रुपये, हा प्रश्न येईपर्यंत नारळ संपलेला असतो.